आतून ठोकलेलं छप्पर

१

आमच्या वाळवंटात पत्र्याचं छप्पर दिवसातून दोनदाच बोलतं. सकाळी धुकं ओसरून ऊन पडलं की पूर्वेच्या वळचणीपासून टक्, टक् करत फुगत जातं, आणि संध्याकाळी गार होताना उलट्या वाटेनं आकसत येतं. मधल्या वेळात ते गप्प असतं. या पठारावरच्या सोऱ्याच्या कारखान्यांची छपरं मी आधी घातली, मग दुरुस्त केली, आणि कारखाने बंद पडल्यावर तीच उतरवली. सगळी मिळून तीस वर्षं झाली. तेव्हा भर दुपारी छप्पर वाजलं तर ते कोणीतरी वाजवतंय, एवढं मला कळतं. त्या दिवशीही कळायला हवं होतं.

लोक पत्र्याला नावं ठेवतात. उन्हात भट्टी, ढिला पडला की वाऱ्यात वाजंत्री. पण पत्रा नसता तर हे पठार उभंच राहिलं नसतं. इथे ना लाकूड, ना पाणी, ना दगड घडवणारे हात. खतासाठी सोरा न्यायला येणारी जहाजं रिकामी येण्यापेक्षा पत्रे भरून यायची. चार माणसं, दोन खेचरं आणि आठवडाभराची मेहनत, की शंभर हात लांबीची यंत्रशाळा झाकून मोकळी. सगळ्यात जुना पत्रा इंग्रजांचा, जाड, हाताला भारी. पुढे पुढे तो पातळ होत गेला, आणि शेवटचा तर बोटानं वाकेल असा. जुना गळायला लागला तर काढायचा कोण? त्याच्यावरच नवा घालायचे. म्हातारी जशी परकरावर परकर घालते तसं.

आता आमची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पत्र्याच्या एका बाजूला खिळा ठोकणारा असतो, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार. मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. म्हणून ठोकणारा हातोडीनं दोन ठोके देतो. ठोकू का? जोडीदारानं एक दिला की ठोक. तीन दिले की थांब, हात मधे आहे. आणि उत्तरच आलं नाही तर ठोकणाऱ्यानं काम सोडून यायचं आणि जोडीदाराचं काय झालं ते स्वतः बघायचं. ही रीत आमच्या हातात इतकी मुरलेली असते, की घरी शेजारच्या भिंतीवर कोणी दोनदा ठोकलं तरी टेबलावर आपलं बोट एकदा आपटतं. बायका हसतात.

२

मी सांगतोय ती यंत्रशाळा सान लिबोरियो नावाच्या कारखान्याची, लहानशी. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती. माणसं गेली, यंत्रं गेली, राहिलं फक्त छप्पर, आणि ते इकिके बंदरातल्या एका ठेकेदारानं विकत घेतलं होतं. उतरवायला आम्ही दोघं. मी, बाल्दोमेरो चायापा, आणि माझ्या बहिणीचा नवरा निकानोर. ठेकेदाराच्या ट्रकनं आम्हाला सोमवारी सोडलं आणि शनिवारी न्यायला येणार होता. मधे चहूकडे मीठ आणि माती.

निकानोर काडीसारखा बारीक आणि तोंडानं मशीन. माझ्या बहिणीला, सेनोबियाला, सातवा महिना होता. निघताना ती दारात उभी राहून मला म्हणाली होती, "दादा, हा माणूस तिकडे विनोद करता करता छपरावरून पडेल. शनिवारी मला सगळाच्या सगळा परत हवा."

"बांधून आणतो," मी म्हणालो.

"बांधून नको. चालत आण."

दोन दिवसांत वरचा पातळ थर निघाला. गुरुवारी सकाळी खालचा थर उघडा पडला. मी आढ्यावर उकिडवा बसलो, हात फिरवला आणि बोट कापून घेतलं. खाली बघितलं तर खिळ्याचं टोक होतं. वाकवून पत्र्यावर आडवं बसवलेलं. त्याच्या शेजारी दुसरं. अख्ख्या पाख्यावर ओळीनं टोकंच टोकं, आणि डोकं एकाचंही नाही.

"दादा, हे छप्पर उलटं घातलंय की काय?" निकानोर म्हणाला.

"पत्रा सरळ आहे. खिळे खालून मारलेत."

"खालून कोण मारतं?"

कोणीच मारत नाही. खिळा वरून मारतात, डोक्याखाली चकती घालतात, म्हणजे पाऊस आत जात नाही. इथे पाऊस दहा वर्षांतून एकदा पडतो ही गोष्ट वेगळी. मी त्याला सांगितलं की वाऱ्याला घाबरून कोणा शहाण्या इंजिनिअरनं असं करवून घेतलं असेल. डोकं आतून धरून ठेवतं, वारा पत्रा उपटू शकत नाही. सांगताना मला ते पटलंही.

"पण दादा, खाली तर तिसरा थर आहे ना? इंग्रजांचा?"

होता. त्या इंग्रजी थरावर ठोकळे ठेवून वर रिपा टाकल्या होत्या आणि रिपांवर हा थर. दोन्हींच्या मधे दीड वीत जागा. म्हणजे खालून खिळे मारणारा माणूस त्या दीड वितीत उताणा पडून काम करत होता.

निकानोरनं टोकांच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सगळे पत्रे आतून ठोकले. बरं. मग शेवटचा ठोकल्यावर हा बाबा बाहेर कुठून आला?"

"वाऱ्याच्या झडपेतून आला असेल. बडबड कमी कर."

दक्षिण टोकाला आढ्यावर वाऱ्यासाठी एक झडप होती खरी. मी जाऊन पाहिली. तिच्याखाली पत्रा अखंड होता आणि तोही आतूनच ठोकलेला. हे मी त्याला सांगितलं नाही.

३

वरून टोकं सरळ करून तीन पत्र्यांच्या कडा उचलून पाहिल्या. तिन्ही पत्रे भोकाशी फाटले. फाटका पत्रा ठेकेदार घेत नाही. खिळा डोक्याकडून उपटायला हवा, आणि डोकी आत. म्हणजे कोणीतरी आत जायला हवं. मी स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

"तुम्ही गेलात तर छप्पर आपोआप निघेल," निकानोर म्हणाला. "फुगून."

झडपेखालच्या पत्र्याचा एक कोपरा आम्ही पहारीनं उचकटला आणि खाली लाकडाचा ठोकळा सारून उघडा ठेवला. पण काम तिथून सुरू करता येत नव्हतं. पत्र्याची कड पुढच्या पत्र्याखाली दबलेली असते. शेवटी घातलेला आधी काढावा लागतो, आणि इथे शेवटचा होता उत्तर टोकाचा. निकानोरनं आढ्याच्या कडेकडेनं तीस हात सरपटत जायचं, तिथून उपटायला लागायचं, आणि मी वरून पत्रे उचलत यायचं.

त्यानं भाजलेलं पीठ पाण्यात कालवून प्यायलं, छोटी वाकडी पहार आणि हातोडी घेतली, टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. "सांभाळा. सेनोबियानं विणलीय." खिळा एकही घेतला नाही. उतरवायच्या कामाला खिळे कशाला लागतात?

त्याचे बूट आत गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही हे विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं.

४

मी वरून खिळ्यांच्या ओळीवर पाय देत त्याच्याबरोबर चालत होतो. खाली त्याचं खरडणं ऐकू येत होतं आणि अधूनमधून आवाज.

"दादा, इथे पाव भाजून निघेल."

"बोलू नकोस, धूळ खाशील."

"खातोच आहे. मिठाची आहे. कांदा असता तर जेवण झालं असतं."

उत्तर टोकाला पोचल्यावर त्याचा आवाज बारीक झाला. मग खिळा उपटताना होतो तो किंकाळीसारखा आवाज आला. एक. थोड्या वेळानं दुसरा. एव्हाना समुद्राकडचा वारा सुटला होता आणि मी कड धरून बसलो होतो.

दोन ठोके आले.

मी हातोडी उलटी करून एक दिला. आत ठोकल्याचा आवाज झाला. पहारीवर हाणत असेल. पुन्हा दोन ठोके, पुन्हा माझा एक. असं सात-आठ वेळा झालं असेल. माझं लक्ष वाऱ्याकडे होतं, पश्चिमेला मातीची भिंत उठताना दिसत होती. उत्तर देणारं माझं डोकं नव्हतंच, तो हात होता. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की खिळा उपटल्याची किंकाळी बराच वेळ ऐकलेली नाही. ठोके मात्र चालू होते. आणि ते माझ्या पायाखालून येत नव्हते, मागून येत होते, झडपेच्या बाजूनं.

मी वळून तिकडे गेलो. पत्र्यावर गंजलेल्या टोकांच्या ओळीत नवी टोकं होती, पांढरी, चकचकीत. मी एकाला बोट लावलं. ते ओलं होतं.

आम्ही छपरावाले खिळे तोंडात धरतो. ओठांच्या मधे ओळीनं, एक एक काढायला सोपे पडतात. म्हणून ठोकलेला खिळा पहिल्या क्षणी थुंकीनं ओला असतो. त्या उन्हात तो ओलावा माझ्या डोळ्यांसमोर वाळून गेला. मी स्वतःला सांगितलं, तुझंच बोट कापलंय, रक्त असेल. रक्त वाळल्यावर डाग राहतो. इथे काही राहिलं नाही.

झडपेपाशी आमचा लाकडी ठोकळा बाहेर पडलेला होता. उचकटलेला कोपरा खाली बसला होता आणि त्याच्यावर टोकं आली होती. मोजली नाहीत. जितक्या वेळा मी एक दिला असेल तितकी असणार.

५

मी उत्तर टोकाकडे धावलो. ओळीबाहेर पाय पडून पत्रा दोनदा खचला.

"निकानोर!"

"काय झालं?" आवाज शांत होता. "दादा, आतला उजेड गेला. झडप लावलीत का?"

"तू ठोके देत होतास?"

"मी? तुम्हीच दोन-दोन देताय ना? आणि मग एक. मला वाटलं, हे म्हातारे स्वतःशीच बोलायला लागले."

मी पहार उचलली.

"दादा," तो म्हणाला, आणि या वेळी त्या आवाजात विनोद नव्हता. "उगाच विचारतो. माझ्या पायांच्या मागे कोणी आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "कोण असणार? हलू नकोस. मी वरून फाडतोय. फाटला तर फाटला."

मी पहार कडेखाली घातली आणि सगळं वजन टाकलं. पत्रा बोटभर उठला. त्याच वेळी दोन ठोके पडले. पाच-सहा हातांवर. आणि देवाची शपथ, माझा हात हातोडीकडे गेला आणि एक देणारच होता. मी मधेच थांबवला. मग तीन दिले.

थांब. माणूस मधे आहे.

ते थांबलं. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. भूत-खेत असतं तर थांबलं नसतं. रीत पाळणारं कोणीतरी आत होतं.

मी पुन्हा पहार दाबली. पत्रा हातभर फाटला. दोन ठोके, आता चार हातांवर. पहार सोड, हातोडी घे, तीन दे. पहार घे, दाब. पुन्हा दोन, आणखी जवळ. ट्रक शनिवारी येणार, आणि वीस मैलांत माणूस नाही. माझ्या लक्षात आलं की मी तीन देत राहिलो तर ते थांबत राहील, आणि मला इथेच बसून तीन देत राहावं लागेल. उत्तर द्यायचं की पत्रा फाडायचा, दोन हातांत दोन्ही होईना. खाली निकानोर कुजबुजत होता, सेनोबियाचं नाव आणि कसलीशी प्रार्थना, एकमेकांत मिसळून. त्याला मी याआधी कधी प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि माझा रागही आला, दोन्ही एकदम.

भोक खांद्याएवढं झालं. निकानोरचा हात बाहेर आला. मी एका हातानं तो धरला. तो अडकला होता, शर्ट कुठल्यातरी खिळ्यात गुंतला होता. एका हातानं ओढून तो निघण्यासारखा नव्हता.

दोन ठोके. त्याच्या बुटांपाशी.

मी हातोडी टाकली आणि दोन्ही हातांनी ओढला.

६

शर्ट आत राहिला, पाठीची कातडी सोलली गेली, पण निकानोर बाहेर आला आणि माझ्या मांडीवर पालथा पडून श्वास घेऊ लागला. मी त्याला घट्ट धरून बसलो. वारा पडला होता. छप्पर गप्प होतं.

मग आठवलं, मी उत्तर दिलं नव्हतं.

आत खरडल्याचा आवाज सुरू झाला. घाई नव्हती. एक कोपर, मग दुसरं. पाठ पत्र्याला घासत होती. उत्तर आलं नाही म्हणून ते काम सोडून बघायला येत होतं, आम्ही शिकवलेलं पोर येईल तसंच. निकानोरनं डोकं उचललं. "दादा, शिडी," तो म्हणाला. शिडी दक्षिण टोकाला होती. तिथे जायचं तर पुन्हा त्याच पत्र्यांवरून, त्याच्या डोक्यावरून.

भोकाच्या कडेशी बोटं आली. मिठानं पांढरी झालेली, नखं तुटलेली, अंगठ्यावर हातोडी चुकल्याचा जुना काळा डाग. असा डाग माझ्या अंगठ्यावरही आहे. मग उजेडात तोंडाचा खालचा भाग आला. ओठांमधे खिळ्यांची ओळ होती. वर डोळे होते, पण ते उन्हानं लगेच मिटले. एवढंच मी पाहिलं. त्याला तोंडानं काही बोलता येणं शक्य नव्हतं.

त्यानं बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा वाजवलं. हळू. आणि वाट बघत राहिला.

माझी हातोडी मांडीपाशी पडली होती. मी ती उचलली आणि एक दिला.

तो थोडा वेळ तसाच राहिला. मग बोटं आत गेली, फाटलेल्या पत्र्याची कड आतून खाली ओढली गेली, आणि ठोकायला सुरुवात झाली. एका ओळीत, सफाईनं, कसलेल्या कारागिराचं काम. शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा आम्ही झडपेपर्यंत पोचलो होतो.

७

शनिवारी ट्रक आला तेव्हा मी ठेकेदाराला सांगितलं की खालचं लाकूड कुजलंय, माणसाचं वजन पेलणार नाही, सोडून दे. तो कुरकुरला, पण त्यानं सोडलं. सेनोबियानं नवऱ्याची पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि फक्त "चालत आलाय ना," असं म्हणून मलम लावायला बसली. मुलगी झाली. निकानोर बंदरावर एका बेकरीत लागला, आणि अजून तिथेच आहे. त्याची बडबडही परत आली.

मला त्यानं एकदाच विचारलं, बऱ्याच वर्षांनी, पाव पिशवीत भरता भरता. "दादा, तुम्ही एक का दिलात? तीन द्यायचे ना."

"तीन दिले असते तर तो तिथेच वाट बघत थांबला असता. आपल्यासमोर."

"हं," तो म्हणाला, आणि पिशवीला गाठ मारली. त्याला पटलं.

मला पटत नाही. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीवर अडकून बसलोय. ते भोक पुन्हा ठोकून बंद करायला त्याला माझी परवानगी कशाला हवी होती? तो उजेडात आला होता, कड धरून होता, समोर त्याच्याच धंद्याचा माणूस बसला होता. तोंड भरलेलं. ठोकू का, एवढंच आमच्या रीतीत विचारता येतं. बाहेर येऊ का, याला आमच्याकडे ठोका नाही. त्याच्याकडे होता तो त्यानं दिला.

आणि मी हो म्हणालो, ठोक.